टाचणात नसलेली गाय

विरारपर्यंत विजेची गाडी, तिथून पुढं कोळशाची. घोलवडला उतरता तेव्हा पातळाच्या काठावर काजळीचे बारीक कण बसलेले असतात; झटकायला जावं तर अधिकच पसरतात. साल १९६०. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, भाद्रपदाचा वद्यपक्ष. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम चार महिने झालेत. स्टेशनाबाहेर चिकूच्या वाड्या लागतात, वाड्या संपल्या की भातखाचरं, आणि खाचरांपलीकडे कोसबाडची टेकडी. भात पोटरीत आलंय. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी ओली पाती पायांना घासतात.

या प्रवासात तुमचं वय एकोणीस आहे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दुसरं वर्ष चालू आहे, आणि पंधरा दिवसांच्या सरावपाठांसाठी तुम्ही इथं आलाय. कॉलेजात तुम्हाला छात्राध्यापिका म्हणतात. वहीच्या पहिल्या पानावर नावाखाली तुम्ही तो शब्द जरा मोठ्या अक्षरात लिहिलाय. कापडी पिशवीत टाचणवही, गुंडाळलेला तक्ता, रंगीत खडूंची डबी आणि एक लाकडी फूटपट्टी. उद्याचा पाठ 'गाय'. वस्तुपाठ, पहिली-दुसरी एकत्र, वेळ पस्तीस मिनिटं. टाचण शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणं पाचही पायऱ्यांचं आहे. प्रस्तावनेचे तीन प्रश्न, त्यांची अपेक्षित उत्तरं. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थिकृती. उजव्या रकान्यात तुम्ही सुबक अक्षरात लिहिलंय, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील.'

हे वाक्य तुम्ही पुण्यात लिहिलं तेव्हा त्यात खोटं काहीच नव्हतं. पुण्याच्या सरावशाळेत मुलं खरोखर ऐकत होती. मागच्या बाकावर तपासणीला बसलेल्या बाईंना ती घाबरत होती, आणि बाईंना तुम्हीही घाबरत होतात, त्यामुळं वर्ग शांत होता.

सकाळी सातला पाड्यावर जायचं असतं. तुमच्यासोबत एक सेविका आहे, इथल्याच पाड्यातली, पस्तिशीची वारली बाई. चौथी शिकलेली. तिच्या एका हातात तेलाची बाटली नि फणी, दुसऱ्यात नारळाच्या करवंट्यांची माळ. शाळा सुरू होते ती आंघोळीपासून. विहिरीवर पोरं उकिडवी बसतात, ती एकेकाच्या डोक्यावर पाणी ओतते, मान चोळते, कानामागची माती काढते, केसांना तेल लावून भांग पाडते. तुम्ही बाजूला उभ्या आहात. टाचणात हे नाही. मग ती काही न बोलता दुसरी फणी तुमच्या हातात देते.

पहिल्या डोक्यात फणी अडकते. पोरगी ओरडत नाही, फक्त खांदे वर घेते. तुम्ही गुंता खालून सोडवायला लागता, तुमच्या आईनं तुमचा सोडवला होता तसा. पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांत तुम्हाला त्या पोरीबद्दल पुष्कळ कळतं: उजव्या कानामागं भाजल्याची जुनी खूण आहे, मानेवर उवांच्या चाव्यांचे ठिपके आहेत, आणि तिला कुणी केसांना हात लावलेला आवडतो, कारण गुंता सुटल्यावरही ती हलत नाही.

वर्ग म्हणजे कुडाची खोली. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेण-मातीचा गिलावा, खाली दोन विती गिलावा गळून गेलेला. त्या फटीतून उजेड येतो, कोंबडी येते, आणि थोड्याच वेळात तुम्हाला कळेल की तिथून मूलही बाहेर जाऊ शकतं. चटयांवर सत्तावीस मुलं. तुम्ही मोजून हजेरी लावता. तोवर तीन आणखी येतात, एक जातो. दाराशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हातात काठी घेऊन बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. आत ये म्हटल्यावर तो हसतो आणि तिथंच राहतो.

तुम्ही तक्ता टांगता. पांढरीशुभ्र, गुबगुबीत गाय, गळ्यात पितळी घंटा, मागं हिरवी टेकडी. तक्ता फार सुंदर आहे. मुलं तो बघतात आणि कुजबुजतात. नंतर कळतं, ती विचारत असतात की हिला झालंय काय, एवढी फुगलीय का. ताजं, ओलं गवत फार खाल्लं की गुराचं पोट फुगतं, आणि पोट फुगलेलं गुरू वेळीच सांभाळलं नाही तर दगावतं. तुमचा तक्ता त्यांना आजारी गाईचा वाटलेला असतो.

प्रस्तावनेचा पहिला प्रश्न: 'आपल्याला दूध कोण देतं?'

कुणी बोलत नाही. यांच्या घरी गाय असली तरी ती बहुधा बैलांसाठी असते, शेणासाठी असते. दूध वासरू पितं. यांतली बरीच गुरं यांची नसतातच, धन्याची असतात. अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा राहतो. दुसरा प्रश्न: 'गाईला पाय किती?' यावर मागच्या रांगेतून हसू फुटतं. ते थट्टेचं नसतं. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही माहीत नाही, याचं त्यांना खरोखर नवल वाटतं. एक मुलगी उठून फळ्याजवळ येते, तक्त्यातल्या गाईच्या पायांवर बोट ठेवून तुम्हाला मोजून दाखवते, आणि जाऊन बसते. ती तुम्हाला मदत करायला आलेली असते.

मग सगळं हळूहळू सुटत जातं. वर्ग एकदम कधी हातातून जात नाही; उसवत जातो. एक टाका, मग दुसरा. कडेला एक मुलगी कमरेवर धाकट्या भावाला घेऊन बसलीय. तो रडतो, ती त्याला हलवते, तो थांबतो, तिनं पाटीवर रेघ ओढायला घेतली की पुन्हा रडतो. तुम्ही तिला म्हणता, त्याला घरी ठेवून ये. ती तुमच्याकडे बघत राहते. घरी कुणी नाही. सगळी मोठी माणसं शेतावर आहेत. ती उठून निघून जाते, पाटी तिथंच ठेवून. तिच्यामागं तिच्या दोन मैत्रिणी. दोन मुलगे खिशातला खेकडा एकमेकांच्या मांडीवर सोडतात. खेकडा पळतो, सहा जण त्याच्यामागं. कुडाच्या फटीतून कोंबडी येते. कुणीतरी तक्त्यामागं लपतं. तुमचा आवाज चढत जातो, तुम्हालाच तो परका वाटायला लागतो. आणि दाराशी बसलेला तो काठीवाला मुलगा एकदाही तुमच्याकडे बघत नाही. त्याची नजर बाहेर, खाचरांकडे.

तुम्ही फूटपट्टी टेबलावर आपटता. 'गप्प बसा!'

खरोखरच सगळं थांबतं. क्षणभर तुम्हाला बरं वाटतं. मग दिसतं की पुढच्या रांगेतल्या मुलीनं, सकाळी तुम्ही जिचा गुंता सोडवला तिनं, दोन्ही हात डोक्यावर घेतलेत. कोपरं पुढं, मान आत. तिच्या शेजारची तशीच. तिच्या मागचा तसाच. ही शिकवून आलेली हालचाल नव्हे. घरात पाहिलेली असते, शेतावर पाहिलेली असते.

इथं थोडं थांबायला हवं, कारण त्या कोपरांमागं या तालुक्यांचा इतिहास आहे. डहाणू, उंबरगावच्या पट्ट्यात वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या, आणि वारली आपल्याच रानात वेठीला लागले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं धन्याच्या घरी राबायची. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावात किसान सभेची परिषद भरली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानं वारली वेठ नाकारायला उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलासरीजवळ जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. तुमच्यापुढं बसलेली मुलं तेव्हा जन्मलेली नव्हती. त्यांचे आईबाप होते. स्वच्छ कपड्यातलं माणूस मोठ्यानं बोललं की पुढं काय होतं, हे या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही.

तुम्ही पट्टी खाली ठेवता. पण उशीर झालेला असतो. कुडाच्या फटीतून पहिलं मूल पोटावर सरपटत बाहेर जातं. मग दुसरं. आवाज न करता, ओहोळात मासळी निसटते तसं. पाच मिनिटांनी खोलीत अकरा उरतात, आणि दाराशी तो काठीवाला.

रडू येतं. येऊ द्या. मला वाटतं, शिकवायला निघालेल्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एक तास येतो, आणि तो लवकर यावा. ज्यांना तो कधी येत नाही त्यांचे वर्ग भीतीवर चालत राहतात आणि त्यांना पत्ता लागत नाही.

सेविका मघापासून ओट्यावर होती. ती आत येते, तुमच्याकडे बघत नाही, खोलीच्या मधोमध जमिनीवर बसते आणि पदराची गाठ सोडते. गुंजा. लाल, डोक्यावर काळा ठिपका. ती एकेक गुंज उचलून करवंटीत टाकते. टक्. टक्. दोन पांढऱ्या गुंजा निघतात, त्या ती वेगळ्या करवंटीत ठेवते. कुणाला बोलावत नाही. थोड्या वेळानं एक मूल तिच्याजवळ सरकतं, मग दोन. एक हात पुढं होतो आणि लाल-पांढऱ्याची निवड सुरू होते. कुडाच्या फटीत एक डोळा दिसतो. मग ते डोकं आत येतं.

हे काय चाललंय ते तुम्हाला ओळखीचं वाटतं, आणि वाटायलाच हवं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीत गरिबांच्या मुलांसाठी घर उघडलं आणि हाताला काम मिळालं की मूल आपोआप स्थिरावतं, हे दाखवून दिलं. ते तुम्ही शिक्षणशास्त्राच्या पेपरात लिहून चांगले मार्कही मिळवलेत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत भावनगरच्या बालमंदिरात रुजवली, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढं ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. पण माँटेसरीची साधनं म्हणजे घासून गुळगुळीत केलेले लाकडी मनोरे, ठोकळे, मण्यांच्या माळा. ती परवडणार कुणाला? हा प्रश्न ताराबाईंना छळत राहिला. म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत असलेल्या, बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंना भेटलेल्या आणि तिथूनच त्यांच्याबरोबर निघालेल्या. या दोघींनी मण्यांऐवजी गुंजा, ठोकळ्यांऐवजी चिंचोके, शंख-शिंपले, करवंट्या, पानं घेतली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला 'अंगणवाडी' म्हटलं. तुम्ही ज्या काळातून आलात तिथं हा शब्द देशभर सरकारी पाटीवर आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं तो उचलला. इथं, या साली, तो अजून फक्त एक अंगण आहे, सारवलेलं.

या दोघींची संस्था बोर्डीहून कोसबाडला आली ती १९५७ च्या सुमाराला. आज, या सप्टेंबरात, ताराबाई अडुसष्टच्या आहेत, अनुताई पन्नाशीच्या. टेकडीवर त्या कुठंतरी कामात असतील. तुम्ही त्यांना शोधायला जाऊ नका. खोलीत आता एकोणीस मुलं झालीत.

सेविका तुमच्याकडे बघते आणि ओठांवर बोट ठेवते. तुम्हाला वाटतं, ती तुम्हाला गप्प बसवतेय. ते खरंच असतं, पण तेवढंच नसतं. हा खेळ आहे. शांततेचा खेळ. तोही माँटेसरींचाच. दार लोटायचं, डोळे मिटायचे, हात मांडीवर, श्वाससुद्धा हलका. बाहेरून कुणी कुजबुजत्या आवाजात नाव घेईल; ज्याचं नाव येईल त्यानं पाऊल न वाजवता उठून जायचं.

एकोणीस मुलं डोळे मिटतात. सकाळी जी चिडीचूप बसली ती भीतीनं. ही शांतता निराळी आहे, आणि फरक डोळ्यांनी दिसतो. भीतीच्या शांततेत खांदे वर असतात. आता ते खाली आलेत. एका पोराची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून थोडी बाहेर आलीय, पाटीवर अवघड अक्षर काढताना येते तशी. शांत बसणं हेही एक काम आहे आणि ते तो मन लावून करतोय.

तुम्हीही डोळे मिटता. आधी काही ऐकू येत नाही. मग पागोळी: कौलावरून थांबून थांबून पडणारा एकेक थेंब. मग कुकुडकोंब्याचा घुमणारा आवाज, बांबूच्या बेटातून. शेजारच्या झोपडीतल्या झोळीच्या दोरीची करकर. खूप लांबून, घोलवडच्या बाजूनं, इंजिनाची शिट्टी. आणि या सगळ्याच्या खाली, इतका वेळ तुम्हाला न ऐकू आलेला, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा बारीक, विस्कळीत ठोका.

दाराबाहेरून सेविका नाव कुजबुजते. एक मूल उठतं. दुसरं नाव. तिसरं.

चौथ्या नावाच्या आधी काठीवाला मुलगा ताडकन उठतो आणि धावत सुटतो.

तुम्ही त्याच्यामागं जाता. का, ते तुम्हाला तेव्हा कळत नाही. वर्ग सोडून जाऊ नये असं टाचणवहीच्या मागच्या सूचनांत लिहिलेलं असतं. बांधावरून तुमची चप्पल निसटते, ती तुम्ही तिथंच टाकता. समोर खाचरात एक काळसर गाय शिरलीय, पोटापर्यंत हिरव्या भातात, आणि शांतपणे पाती ओढतेय. मुलगा वळसा घालून पुढून जातो, तोंडानं एक विशिष्ट आवाज काढतो, काठी उगारत नाही. गाय मान वर करते, वळते, बाहेर येते. एवढंच. सगळं मिळून दोन मिनिटं.

पण त्या दोन मिनिटांमागं काय होतं ते तुम्हाला आता बांधावर बसून कळतं. तो दम खात सांगतो, त्याच्या बोलीत, आणि तुम्हाला दोन-दोनदा विचारावं लागतं. खाचर दुसऱ्याचं. गुरू पिकात सापडलं तर कोंडवाड्यात जातं, सोडवायला पैसे लागतात, आणि पैसे नाहीत. गुरं धन्याची. चारायला तो, नुकसान झालं तर भरायला बाप. सकाळपासून तो घंटांचा आवाज कानानं धरून बसला होता. सगळ्या घंटा टेकडीच्या बाजूला होत्या. तुम्ही बोलत होतात, मुलं ओरडत होती, पट्टी आपटली, तेव्हा मध्ये मध्ये त्याच्या कानातून तो आवाज सुटत होता. सगळे गप्प झाले तेव्हा त्याला एक घंटा खाली सरकलेली ऐकू आली.

तुमच्या वर्गात सगळ्यांत लक्षपूर्वक ऐकणारा तोच होता.

त्या वर्षी, २६ जानेवारी १९६० ला, एक मुदत उलटून गेलेली असते. घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात म्हटलं होतं, घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. दहा वर्षं झाली. मुंबई राज्यात सक्तीच्या शिक्षणाचा १९४७ चा कायदाही होता. पण सक्ती कुणावर करणार? या मुलाला वर्गात बसवलं तर गुरं कोण बघणार, आणि गुरं सुटली तर संध्याकाळी त्याच्या बापाचं काय होणार? माझं स्पष्ट मत आहे: या प्रश्नाचं उत्तर न देता हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिणं हा मुलावर अन्याय आहे, आणि तो आपण फार वर्षं केला. कोसबाडनं उत्तर दिलं. मूल कुरणात असतं ना, तर शाळा कुरणात. तिला 'कुरणशाळा' म्हणत. गुरं चरतात, मुलं झाडाखाली बसतात, एक जण आळीपाळीनं गुरांवर नजर ठेवतो, बाई तिथंच असते.

तुम्ही आता तिथंच आहात. बाकीची मुलंही बांधाबांधानं आलीत. लहान भावाची ताईही आलीय, आणि तिची कमर मोकळी आहे. तुम्ही विचारता, भाऊ कुठं? ती टेकडीकडे बोट करते. सेविकेनं त्याला पाळणाघरात झोळीत घातलंय. संस्थेनं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, त्याला 'विकासवाडी' म्हणतात. ती का आणली ते या मुलीच्या कमरेकडे बघून कळतं. सकाळी तुम्ही तिला भाऊ घरी ठेवून ये म्हणालात. घर तिच्या कमरेवर होतं.

गुरं किती, तुम्ही काठीवाल्याला विचारता. तो आकडा सांगत नाही. नावं सांगतो. मोरी, कबरी, ढवळी, बांडी, तांबू... एकेका नावाबरोबर तो त्या गुराकडे बोट दाखवतो, उतारावर कुठल्या झुडपामागं कुठलं आहे ते न शोधता. तुम्ही एक खडा उचलून मांडता. दुसऱ्या नावाला दुसरा. त्याला ते आवडतं. तो मुद्दाम थांबतो, तुम्ही खडा ठेवला की पुढचं नाव घेतो. दहा खडे झाल्यावर तुम्ही रांग मोडता आणि खाली दुसरी सुरू करता. वर दहा, खाली सहा. तो बराच वेळ त्या दोन रांगांकडे बघतो. मग खालच्या रांगेतला शेवटचा खडा उचलून बाजूला, चिखलात ठेवतो, आणि हसतो. ती मोरी. मघाशी भातात गेलेली. बाकी पंधरा कुरणात.

ही वजाबाकी होती. टाचण तयार नव्हतं.

मग तो तुमची परीक्षा घेतो. गाय उठते तेव्हा आधी पुढचे पाय उचलते की मागचे? तुम्हाला येत नाही. मुलं खूश होतात. एक पोरगा गुडघ्यांवर पडून करून दाखवतो: गाय बसताना पुढचे गुडघे आधी टेकवते, उठताना मागचा भाग आधी वर येतो. दुसरा प्रश्न: गाईला पुढचे दात कुठं असतात? वर की खाली की दोन्हीकडे? तुमच्या वहीत 'अवयव' या मथळ्याखाली 'दात' एवढंच आहे. तो एका वासराला गळ्यातून धरतो, अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलतो, तुमचा हात धरून आत घालतो. ओली, खरखरीत, घट्ट हिरडी. वर पुढे दात नाहीत. खाली आहेत, बारीक कवडीसारखे. वासराचा श्वास मनगटावर गरम लागतो, त्याला दुधाचा आंबूस वास. तुम्ही हात बाहेर काढता तेव्हा कोपरापर्यंत लाळ असते, आणि अकरा मुलं तुमच्या तोंडाकडे बघत असतात, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला.

तुम्ही म्हणता, 'हे मला माहीत नव्हतं.'

यावर एकदम शांत होतात सगळी. बाई असं म्हणू शकते, हे त्यांना ठाऊक नसतं.

अक्षरं नंतर येतात. तुमच्या टाचणात 'ग' होता, गाईचा. त्याला 'ग' नको असतो. त्याला मोरी लिहून हवी असते. काठीच्या टोकानं तुम्ही ओल्या मातीत 'मो' काढता, 'री' काढता. मात्रा, काना, दीर्घ वेलांटी, सगळं एकदम; कुठल्याही पुस्तकाच्या क्रमानं हे पहिल्या दिवशी येत नाही. तो ती अक्षरं पायानं पुसतो, पुन्हा काढतो, वेलांटी उलटी. तुम्ही काही बोलत नाही. तिसऱ्यांदा तो स्वतःच मागं सरतो, मान तिरकी करतो आणि वेलांटी सरळ करतो.

संध्याकाळी टेकडीवर कंदिलाच्या उजेडात तुम्ही टाचणवही उघडता. पश्चिमेला समुद्राची करडी रेघ दिसेनाशी झालीय. खालच्या पाड्यातून तारप्याचा आवाज येतो, एकच लांब सूर आणि त्याच्या आतून फिरणारा दुसरा. पावसाळा सरताना तारपा वाजायला लागतो. तुम्ही उजव्या रकान्यातलं 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील' वाचता. खोडत नाही. त्याच्या खाली तारीख घालता आणि आजचं लिहिता: कोणत्या मुलानं काय केलं, किती वाजता, त्याआधी काय झालं होतं. पट्टी आपटल्याचंही लिहिता. दोन पानं भरतात. डावा रकाना जवळजवळ रिकामा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर मुलं स्वतःच शांततेचा खेळ मागतात. आज बाई आत, आम्ही बाहेर, असं ठरवतात. तुम्ही चटईवर मांडी घालून बसता, डोळे मिटता. बाजूला सेविका, दोन-तीन लहानगी. दाराबाहेर कुजबुज चालते. एक नाव येतं, सेविका उठते. मग लहानगी एकेक जातात. तुम्ही उरता.

बराच वेळ काही येत नाही. पायाला मुंग्या येतात. गालावर माशी बसते, ती हाकलायची नाही. पाठ ताठ ठेवणं इतकं अवघड असेल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. पाच मिनिटंही झालेली नसतील. बाहेर काहीतरी वाद चाललेला ऐकू येतो, दबक्या आवाजात. मग दार करकरतं. काठीवाला मुलगा खेळाचा नियम मोडून आत येतो, तुमच्यासमोर उकिडवा बसतो, आणि तुम्ही डोळे उघडल्यावर, सोळा गुरांची नावं ज्या गंभीरपणे सांगितली त्याच गंभीरपणे विचारतो, 'नाव काय?'

तुम्ही दोन दिवस 'बाई' होतात. कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही सांगितलं नव्हतं.

तुम्ही तुमचं नाव सांगता. तो ते ओठांत दोनदा घोळवतो, तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणून बघतो, मान हलवतो आणि बाहेर जातो. दार लोटलं जातं. तुम्ही पुन्हा डोळे मिटता, हात मांडीवर ठेवता. पागोळी. कुकुडकोंबा. टेकडीच्या बाजूला सगळ्या घंटा.